पहिली स्लाइड निरोगी माणसाची

सरांचा पहिला नियम असा होता की स्लाइड पडद्यावर आली की लगेच बोलायचं नाही. मनात पाच मोजायचे. लोकांना आधी बघू द्यायचं आणि मग तोंड उघडायचं. मला हा नियम अजिबात आवडत नसे. पडद्यासमोर गप्प उभं राहिलं की समोरच्यांना वाटतं, ही बाई विसरली. मी दोनपर्यंत मोजून बोलायला लागायची आणि मागच्या बाकावरून सरांचा आवाज यायचा, ‘‘काहून घाई करून राहिली वं?’’

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. नागपूरच्या एका इस्पितळात छातीच्या रोगांच्या विभागात मी शिकत होते आणि सर माझे गाइड होते. थंडीत शहरात छातीच्या डॉक्टरांची मोठी परिषद भरणार होती, तिथे मला पेपर वाचायचा होता. विषय सरांनीच दिला होता: एक्स-रेवर असूनही डॉक्टरांच्या नजरेतून सुटणाऱ्या सावल्या. सावनेरकडच्या खाणीतली माणसं, रामटेककडची धान पिकवणारी माणसं आमच्याकडे फार उशिरा यायची. त्यांची आधीची एखादी फिल्म मिळाली आणि ती उजेडात धरली, की सावली तेव्हाही तिथेच असायची. कोणीतरी डॉक्टरने ती फिल्म बघून ‘ठीक आहे’ असं लिहिलेलं असायचं. त्या डॉक्टरांचा मला भारी राग यायचा. त्या वयात दुसऱ्याच्या चुकांचा राग फुकट येतो.

दिवाळी झाली आणि तालीम सुरू झाली. दुपारी व्याख्यानाच्या खोलीत काळे पडदे ओढायचे, प्रोजेक्टर लावायचा, आणि सर अगदी मागे जाऊन बसायचे. मागच्या बाकावर जे पोचत नाही ते बोललोच नाही असं समजायचं, हा दुसरा नियम. मी कागद हातात घेतला की ते चिडायचे. ‘‘ठेव तो खाली. लोकं तुहं डोस्कं पाहायले नाही येत.’’ परिषदेत सगळं इंग्रजीतून बोलायचं होतं, पण सर मला रागवायचे ते त्यांच्या गावच्या बोलीतच. प्रश्नोत्तरांची तयारी तर त्यांनी इतकी करून घेतली की झोपेतसुद्धा उत्तरं दिली असती. त्यातही एक गोष्ट बजावली होती. उत्तर माहीत नसलं तर माहीत नाही म्हणायचं आणि गप्प बसायचं. पुढे एक शब्दही जोडायचा नाही. जोडलेला शब्द हमखास खोटा असतो, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवसांत सरांचा उजवा खांदा दुखत होता. स्कूटरला किक मारताना लचकला असावा, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यांच्या पत्नी रोज सकाळी कसलंसं तेल चोळून द्यायच्या आणि विभागात औषधांपेक्षा त्या तेलाचाच वास जास्त यायचा. आम्ही त्यावरून थट्टा करायचो, सरही हसायचे. शिकवताना त्यांच्या हातून खडू पडायला लागला. करंगळीला मुंग्या येतात म्हणून ते सारखी मूठ उघडायचे आणि मिटायचे. मी चक्क त्यांना आमच्या गावच्या हाडवैद्याचा पत्ता दिला. आम्ही सगळे छातीचे डॉक्टर. खांदा हा आमचा प्रांत नव्हता.

आमच्या विभागात एक जुनी पद्धत होती. रोगी छाती दाखवायच्या आधी निरोगी छाती दाखवायची, म्हणजे बघणाऱ्याला फरक कळतो. ही निरोगी फिल्म नेहमी सरांची असायची. क्षयाच्या पेशंटमध्ये वावरायचं म्हणून आम्हा सगळ्यांचाच दर वर्षी एक्स-रे निघायचा, आणि सरांची नवी फिल्म आली की जुनी काढून ती नमुना म्हणून लावायची. विद्यार्थ्यांच्या किती तुकड्या त्या फिल्मवर शिकल्या. पण नमुना म्हणून लावलेली फिल्म वाचायची असते हे कोणाच्या डोक्यातच येत नसे. आपल्याच दारावरची पाटी आपण कुठे रोज वाचतो? तोवरच्या तालमी गेल्या वर्षीच्या फिल्मवर झाल्या होत्या; त्या वर्षीची नवी फिल्म आली तशी मी तिचा फोटो काढला आणि पहिली स्लाइड नव्याने बनवली.

परिषदेला थोडे दिवस राहिले असताना आम्ही पूर्ण तालीम घ्यायला बसलो. पहिली स्लाइड पडली. या वेळी मी हट्टाने पाच मोजले, अगदी सावकाश. पाच झाले तरी मागून काहीच आवाज आला नाही. मी बोलायला सुरुवात केली तर सर म्हणाले, थांब. मग म्हणाले, स्लाइड पुसून घे. उजव्या कॉलरबोनच्या मागे, फुप्फुसाच्या अगदी वरच्या टोकाला, एक धुरकट डाग दिसत होता. मी स्लाइड पदराने पुसून परत लावली. डाग तसाच.

सर म्हणाले, ‘‘उलटी लाव.’’

भिंगावर धूळ असेल तर स्लाइड उलटवली तरी डाग जागेवरच राहतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी स्लाइड उलटी लावली. पडद्यावर हृदय दुसऱ्या बाजूला गेलं आणि त्याच्याबरोबर डागही गेला. फोटो काढताना काही गडबड झाली असेल, असं मी म्हणत राहिले. सर उठले, कपाटातून मूळ फिल्म काढली आणि खिडकीचा पडदा सारून उजेडात धरली. उजवा हात खांद्याच्या वर जाईना म्हणून त्यांनी ती डाव्या हाताने धरली होती. डाग तिथेही होता. मग त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, करंगळी हलवून बघितली. मला काही सांगावं लागलं नाही. फुप्फुसाच्या टोकाला वाढणारी कॅन्सरची गाठ खांद्याच्या नसांवर दाबते, हे माझ्या पेपरच्या चौथ्या पानावर लिहिलेलं होतं.

धंतोलीतल्या त्यांच्या डॉक्टर मित्राने तपासण्या केल्या आणि ताबडतोब मुंबईला जायला सांगितलं. सर म्हणाले, परिषद झाल्यावर जाईन. मी हातापाया पडले. त्यांनी ऐकलं नाही, आणि त्यांच्या घरी यातलं काही बोलायची मला बंदी केली. मी पेपर दाखवायला घरी गेले तर त्यांच्या पत्नी तेलाची वाटी गरम करत होत्या. आता जरा फरक आहे म्हणाल्या. मी चहा न घेताच निघाले, आणि त्याचा त्यांना राग आला.

मला वाटलं होतं, ती स्लाइड आता काढून टाकायची. सर म्हणाले, पहिली तीच राहील, शेवटचीही तीच, फक्त शेवटी डागावर बाण लावायचा. ‘ही निरोगी छाती’ या वाक्याऐवजी ‘ही फिल्म आमच्या विभागात निरोगी म्हणून ठेवली होती’ असं म्हणायचं. मी साफ नाही म्हटलं. मला त्यांचा संताप आला होता, खरंच संताप. मरणाच्या दारात उभं राहून हा माणूस स्लाइडचा क्रम लावतो आहे.

सरांनी आवाज चढवला नाही. ‘‘सावनेरच्या माणसाची दाखवायले तुले चालते,’’ ते म्हणाले, ‘‘मग माही काहून नाही?’’

मी कात्री घेऊन काळ्या कागदाचा बाण कापायला बसले.

परिषदेचा हॉल भरला होता. सर दुसऱ्या रांगेत होते, उजवा हात डाव्या हाताने मांडीवर धरून. पहिली स्लाइड पडली. मी पाच मोजले. एवढे मोठमोठे डॉक्टर समोर होते. त्यातला एक तरी पुढे वाकेल, शेजाऱ्याला काही विचारेल, अशी मला वेडी आशा होती. कोणी वाकलं नाही. एक जण चष्मा पुसत होता. मी पेपर पूर्ण केला, कागदाकडे न बघता, मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. शेवटी तीच स्लाइड बाणासह आली आणि मी परत पाच मोजले. चष्मा पुसणाऱ्याने तो आता डोळ्यांवर चढवला.

टाळ्या वाजल्या. अध्यक्ष बाहेरगावचे वयस्क डॉक्टर होते. त्यांनी सहज, सभ्यपणे विचारलं, ‘‘हा पेशंट आता कसा आहे?’’

एवढ्या तयारीत हा प्रश्न सरांनी कधी विचारला नव्हता. मी त्यांच्याकडे बघितलं. उपचार सुरू होत आहेत, आम्हाला आशा आहे, अशी वाक्यं जिभेवर येऊन बसली होती. सरांची नजर माझ्यावरच होती.

‘‘माहीत नाही, सर,’’ मी म्हणाले आणि गप्प बसले.

दुसऱ्या रांगेत सरांनी मान हलवली. तालमीत उत्तर बरोबर आलं की हलवायचे, तशीच.

ते त्याच आठवड्यात मुंबईला गेले. उन्हाळा सरायच्या आत वारले. त्यांच्या पत्नी पुढे माझ्याशी कधी बोलल्या नाहीत, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

कॉलेज उघडलं तेव्हा नव्या मुलांना शिकवायला निरोगी फिल्म हवी होती. विभागात कोणीच आपली द्यायला तयार होईना. जो तो हसून विषय टाळायचा. शेवटी मी माझा एक्स-रे काढून घेतला, त्याची स्लाइड बनवली आणि दुपारी काळे पडदे ओढले. प्रोजेक्टर लावून मागच्या बाकावर, सरांच्या जागेवर जाऊन बसले. पाच मोजले. मग पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.