तांदळात लिहिलेलं नाव

लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. बायका हसल्या, पेढे वाटले गेले. चौथ्या दिवशी, सोनईजवळच्या त्यांच्या घरी, मी भाकरी थापत होते आणि त्याने अंगणातून त्या नावाने हाक मारली. मी वळलेच नाही. दुसऱ्याच कुणाला बोलावतोय असं वाटलं. तो आत आला, वेणी धरली आणि माझं तोंड भिंतीवर आपटलं. "भयरी हाय व्हय गं?" ओठ फुटून रक्त पिठात पडलं. सासूबाईंनी तेवढं पीठ काढून टाकलं आणि उरलेल्या भाकरी करायला लावल्या.

माहेरचं नाव तोंडातून निघालं की पट्टा निघायचा. अशी सहा वर्षं. मी लवकरच शहाणी झाले, पहिल्या हाकेला धावू लागले. त्या धावण्याची मला अजून चीड येते. त्याने मनगट मोडलं तेव्हा घर सोडलं आणि शिर्डीत एका लॉजच्या काउंटरवर लागले. आधार कार्डावर नाव मात्र त्याने ठेवलेलंच राहिलं.

गेल्या वर्षी आर्मेनियाहून नऊ जण उतरले. सगळ्यांच्या आडनावांचा शेवट सारखाच. मी आपली हुशारीने एकच कुटुंब धरलं आणि सगळ्यांना तीन खोल्यांत कोंबलं. त्यांच्यातली एक म्हातारी पोट धरून हसली. सोबतच्या दुभाष्याने हिंदीत समजावलं: तो शेवट म्हणजे 'अमक्याचे'. कुणी लोहाराचे, कुणी न्हाव्याचे. ही बाई पाथरवटाची. आपल्याकडे हुद्द्यावरून, गावावरून आडनावं पडली, तसंच.

तिचं पहिलं नाव लिहून घेत होते तेव्हा ती म्हणाली, हे माझ्या आजीचं. १९१५ साली तुर्कांच्या राज्यात आर्मेनियन लोकांची कत्तल झाली, तेव्हा आजीच्या डोळ्यांदेखत तिचे आईबाप कापले. ज्यांनी तिला उचलून नेलं त्यांनी दुसरं नाव ठेवलं, आणि जुनं उच्चारलं की तापल्या सळईने हात डागला. आजी दळताना मनातल्या मनात आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव म्हणत राहिली. मी त्या बाईला माझं वाकडं मनगट दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून चाव्या लावताना मीही माझं पूर्ण नाव म्हणू लागले.

गेल्या महिन्यात नवरा मला न्यायला आला. दारातूनच त्याने ती हाक मारली. या खेपेला मला नीट ऐकू आलं होतं. मी मान वर केली नाही.

"तुलाच म्हन्तोय!" त्याने काउंटरवरून हात घालून केस धरले आणि माझं तोंड रजिस्टरवर आपटलं, दोनदा. हाताला लागला तो चावीचा पितळी ठोकळा मी त्याच्या गालफडावर हाणला. त्याचा दात पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग वॉचमनने त्याला आवळून धरलं.

पोलीस ठाण्यात हवालदाराने नाव विचारलं. मी माझं सांगितलं, मग वडिलांचं, मग माहेरचं आडनाव.

"ताई, आधारवर तर येगळंच हाय."

"ते त्यानं ठेवलेलं. हे माझं."

ओठ जुन्याच जागी फुटला होता, बोलताना रक्त हनुवटीवर येत होतं. हवालदाराचा पेन थांबलेलाच होता. मी पूर्ण नाव पुन्हा सांगितलं, आणि तो लिहीपर्यंत सांगत राहिले.