इनामदार काकूंचं जोडाक्षर

“मॅडम को स्लाइड मत दिखाइएगा. उन्हें पढ़ना आता है.”

प्रयोगशाळेच्या दाराबाहेर डॉक्टर हळू आवाजात इनामदार काकांना सांगत होते. “नहीं, नहीं. हम इन्फेक्शन ही बोलेंगे,” काका म्हणाले. मॅडम म्हणजे काकांची बायको, इनामदार काकू. याच खोलीत वीस वर्षं त्यांनी लोकांच्या रक्तातली गुणसूत्रं वाचली होती. मी आत बसले होते आणि माझ्यासमोरची स्लाइड काकूंचीच होती.

काकू दिल्लीत आर. के. पुरममध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. मी इंग्रजी शाळेतली. घरीसुद्धा अर्धं हिंदी बोलायचे आणि पाहुणे आले की आतल्या खोलीत जायचे. एकदा काकूंपुढे मी ‘विज्ञान’ला ‘विग्यान’ म्हणाले.

“आली दिल्लीवाली,” काकू म्हणाल्या. “अगं, ‘द्न्य’ म्हण. नाहीतर पुण्याला गेलीस की आत्या हसतील, आणि नाव माझं घेतील.”

त्यानंतर रोज संध्याकाळी त्या माझ्याकडून मराठी वाचून घेऊ लागल्या. मी गप्प बसले तरी त्यांना चालायचं. चुकले तर मात्र चालायचं नाही.

बी.एस्सी. झाल्यावर त्यांनीच मला प्रयोगशाळेत नेलं. तेव्हा आम्ही गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून, जोड्या लावून कागदावर चिकटवायचो. काकू कापत असताना कोणी बोलायचं नाही, पंखासुद्धा बंद. एका रिपोर्टात मी ‘बहुधा’ लिहिलं होतं. त्यांनी तो शब्द खोडला. “दिसलं तेवढं लिही. आपल्याला बरं वाटावं म्हणून एक अक्षर जास्त नको.”

पुढे त्यांना स्वतःला झाला तो रक्ताचा कॅन्सर त्यांनीच मला पाटीवर शिकवला होता. त्यात नवव्या गुणसूत्राचा तुकडा तुटून बाविसाव्याला चिकटतो, बाविसाव्याचा नवव्याला. त्यांनी ‘ज्’ लिहिला, शेजारी ‘ञ’ लिहिला, आणि खाली ‘ज्ञ’.

“यात ‘ज’ ऐकू येतो तुला? ‘ञ’ येतो? नाही ना. दोन जनुकं अशी जोडली गेली की तिसरंच प्रथिन तयार होतं. आधीच्या एकाला कधी वाढायचं, कधी थांबायचं ते कळत होतं. या नव्याला थांबणं माहीतच नाही. ते पेशीला वाढ, वाढ म्हणत बसतं.”

“मग त्याला औषध?”

“नेमकं त्यालाच गप्प करणारं अजून नाही. येईल. तोवर आपण नीट वाचायचं.”

तशी गोळी पुढे काही वर्षांनी आली. तोपर्यंत काकू राहिल्या नाहीत.

त्या दिवशी काकूंच्या स्लाइडवर मी वीस पेशी मोजल्या. ते जोडलेलं गुणसूत्र विसाही पेशींत होतं. बऱ्याच पेशींत ते एकाऐवजी दोनदा होतं, म्हणजे आजार हाताबाहेर चालला होता. मी रिपोर्ट लिहून डॉक्टरांना दिला. काकूंनी रिपोर्टचं विचारलं तेव्हा मी म्हणाले, “अजून झाला नाही.” पुढचे तीन आठवडे मी हेच म्हणत राहिले. काकूंनी एकदाही मला खोटं ठरवलं नाही.

काकांनी गुडगावला नवा फ्लॅट घेतला होता. एका दुपारी मी वर गेले तर काकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर फरशीचे तीन नमुने होते. काका खाली दूध आणायला गेले होते.

“बिचारे रोज विचारतात, कोणती आवडली,” काकू म्हणाल्या. “मी रोज उद्यावर ढकलते. त्यांना वाटतं मला काही माहीत नाही, आणि मीही तसं वाटू देते. दमले गं मी. अनू, तू स्लाइड वाचलीस. मी त्या घरात राहायला जाणार आहे का?”

जिन्यात काकांच्या चपला वाजल्या. काकूंनी दाराकडे पाहिलं नाही. त्या माझ्याकडेच बघत होत्या, मी वाचताना अडखळले की बघायच्या तशा.

“नाही, काकू,” मी म्हणाले. “फरशी काकांना निवडू द्या.”