काकूंचा कनोला उभाच राहिला

नॉर्थ डकोटाचा वारा ज्याने अंगावर घेतलेला नाही, त्याने माझ्याशी वाऱ्याबद्दल बोलू नये. तिथे वारा सुटला की कुत्री भुंकायची थांबत, कारण भुंकणं तोंडातून निघालं की ते थेट पुढच्या काउंटीत जाऊन ऐकू येई आणि तिथली कुत्री उगाच बदनाम होत. नागपूरहून नेलेले माझे कुरळे केस पहिल्याच वर्षी सरळ झाले. अशा मुलखात, नुसता धक्का लागला तरी तडकणारी कनोल्याची, म्हणजे तिथल्या एका तेलबियांच्या पिकाची, शेंग उभी ठेवायची की आधीच कापून जमिनीवर निजवायची, यावरून एका सत्तरीच्या जोडप्यात जे युद्ध पेटलं त्यात मी आणि माझी आई दोघंही लढलो. आणि जिंकलो. हे आधीच सांगून टाकतो, मला दम धरवत नाही.

साल दोन हजार पाच. माझ्याबरोबर भारतातून आलेले दोस्त नेपरव्हिल नाहीतर अल्फारेटाला, म्हणजे देशी माणसांच्या गर्दीत जाऊन पोचले. मला मात्र कंपनीने अशा गावी टाकलं, जिथे सिग्नल एकच होता आणि तोही लाजून कायम पिवळाच राहायचा. गावाबाहेर एका शेतकरी जोडप्याच्या घराचा मागचा भाग मी भाड्याने घेतला. पहिल्या दिवसापासून मी त्यांना काका-काकू म्हणायला लागलो. आमच्याकडे साहेब-मॅडमला असंच म्हणत असतील, अशी त्यांची समजूत झाली आणि ती मी मोडली नाही.

काकांचं बायकोवर प्रेम होतं, पण स्वॉदरवर जास्त. स्वॉदर म्हणजे पीक अर्धवट हिरवं असतानाच कापून त्याच्या लांबच लांब ओळी जमिनीवर आडव्या घालणारं यंत्र. त्या ओळी उन्हात वाळल्या की मागून कंबाईन येऊन त्या उचलतं आणि मळतं. काका जन्मभर असंच करत आले. दुसरा रस्ता म्हणजे पीक पूर्ण पिकेपर्यंत उभं ठेवायचं आणि मग थेट कंबाईन घालायचं. एका फेरीत काम होतं, दाणा भरतो. पण मधेच वारा आला तर शेंगा फुटतात आणि सगळा दाणा मातीत.

रस्त्याच्या पश्चिमेची जमीन काकांची, पूर्वेची काकूंना वडिलांकडून आलेली. निर्णय मात्र दोन्हीकडे काकांचाच. आदल्या वर्षी त्यांनी काकूंचंही पीक निजवलं, आणि वाऱ्याने त्या ओळी सतरंज्यांसारख्या गुंडाळून कुंपणाला लावून ठेवल्या. त्या दिवशी काकू म्हणाल्या, "पुढच्या वर्षी माझ्या बाजूला मी ठरवणार. उभं ठेवणार."

"ठरव," काका म्हणाले. "पण पडलं, तर पुन्हा कधी ठरवायला यायचं नाही."

आता कळलं, भांडण कशाचं होतं? कनोला निमित्ताला होता. वडिलांच्या जमिनीवर काकूंचा शब्द चालणार की नाही, ते त्या शेंगांवर टांगलेलं होतं.

जुलैत आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आली. गाडीतून उतरली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. जमीन पिवळी, आकाशाची खालची कडही पिवळी.

"बाप्पा! एवढी मोहरी? हे लोक दिवसभर फोडण्याच घालतात का?"

"आई, हा कनोला. यापासून तेल काढतात."

"पान मोहरीचं, फूल मोहरीचं, शेंग मोहरीची. तू आपला कम्प्युटर सांभाळ."

ऑगस्टात काकांनी शेंगा चोळून पाहिल्या. दाणे तपकिरी व्हायला लागले होते. स्वॉदर बाहेर निघालं. त्यांच्या बाजूला अशा सरळ ओळी पडल्या की आमच्या शाळेच्या कवायतीचे मास्तर पाहून रडले असते. शेवटची ओळ संपवून काकांनी यंत्र रस्त्याच्या कडेला थांबवलं आणि ओरडले, "मशीन गरम आहे. सांग, तुझंही निजवतो!"

"तूच निज," काकू म्हणाल्या. "माझं उभं राहील."

मग त्यांनी मला पिकात नेलं. झाडं एका अंगाला कलली होती आणि फांद्या एकमेकींत अशा गुंतल्या होत्या, जणू घट्ट वेणी घातलीय. "हे बघ," त्या म्हणाल्या, "वारा आला तर सगळं मिळून हलेल. शेंग शेंगेवर आपटणार नाही. पातळ पीक असतं तर मीच निजवलं असतं."

"आमच्याकडे असंच असतं," मी म्हणालो. आमच्या घराण्याची शेती म्हणजे तुळशीची कुंडी. पण युद्धात शिपायाने सेनापतीला धीर द्यायचा असतो.

त्यानंतर वाट पाहणं सुरू झालं. रोज सकाळी काका कॉफीचा मग घेऊन व्हरांड्यात येत, कानामागे हात धरत आणि म्हणत, "ऐकलंस? पडतायत." काकू न्याहारी टाकून बांधावर जाऊन बघून येत. दाण्यातला ओलावा मोजायचं यंत्र काकांच्या शेडमध्ये, आणि ते मागायला जाण्यापेक्षा काकूंनी हिमालय पाठीवर आणला असता.

आई मात्र मजेत. एक दिवसाआड बांधावरच्या शेंगा तोडायची, दाणे काढायची आणि वरणाला फोडणी. "ही कसली रे मोहरी," ती कुरकुरायची. "तेलात पाहुणीसारखी बसून राहते. हूं नाही की चूं नाही."

एका शनिवारी दुपारी मी आणि काकू अंगणात उभे होतो. पश्चिमेला आभाळ वांग्याच्या रंगाचं झालेलं. एवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईची आरोळी आली, "अरे, तडतडली! काय तडतडून राहिली बाप्पा!"

"काय म्हणतेय ती?" काकूंनी विचारलं.

मी इंग्रजी शब्द शोधला आणि पहिला सापडला तो फेकला. "कनोला पॉप होतोय, म्हणते."

त्या मुलखात ऑगस्टमध्ये हे वाक्य बोलणं म्हणजे लग्नघरात जाऊन नवरदेव पळाला म्हणून सांगणं. काकूंना वाटलं, शेतात शेंगा फुटायला लागल्या. सत्तरीची बाई अशी धावली की कोंबड्या बाजूला झाल्या. मी मागून "कढई! कढईत!" म्हणून ओरडलो, पण वाऱ्याने ते कॅनडाला नेलं.

आई झारा घेऊन बाहेर आली. "बाई कुठे पळून राहिली?"

"तू मोहरी तडतडली म्हणालीस ना? ती कापायला गेली."

"एवढ्यात? वरण तर होऊ दे."

मी शेतावर पोचलो, तोवर काकू कंबाईन बांधापर्यंत घेऊन आल्या होत्या. खाली उतरून त्यांनी शेंग तळहातावर चोळली. शेंग अख्खी, कोरडी. दाणा काजळासारखा. पडलेलं काहीच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी कढईची हकिकत सांगितली: इतके दिवस ओला म्हणून तेलात गप्प बसणारा दाणा आज कोरडा होऊन तडतडला. त्यांनी एकदा त्या दाण्यांकडे पाहिलं, एकदा त्या वांग्याच्या रंगाच्या आभाळाकडे.

"आता चढलेच होते," त्या म्हणाल्या, "तर परत चढते."

कंबाईन पिकात घुसलं. काका रस्त्यावर येऊन हात हलवायला लागले, "अगं, एकच कंबाईन आहे! माझं उचलायचंय!" काकूंनी केबिनचं दार लावून घेतलं. पण कंबाईनची टाकी भरली आणि ती रिकामी करायला ट्रक नाही असं दिसलं, तेव्हा त्या माणसाला राहवेना. दाणा सांडताना बघवत नाही, असल्या जातीचा शेतकरी तो. स्वतःच ट्रक घेऊन आला आणि गुपचूप कंबाईनच्या बाजूने चालवत राहिला. धन्याचा गडी झाला, आणि तेही बायकोच्या शेतात.

शेवटची पट्टी संपायला आणि वारा यायला एकच गाठ पडली. तो वारा नव्हता, ती झडती होती. काकांच्या ओळी आधी थरथरल्या, मग उठल्या, मग अजगरांसारख्या लोळत निघाल्या. एक ओळ तर माझ्याकडे बघून हसली, हे मी आईच्या देखत शपथेवर सांगतो. काकूंच्या बाजूला वाऱ्याने खूप शोधलं. धसकटांशिवाय काही सापडलं नाही.

सोमवारी आम्ही चौघं ट्रकमध्ये दाटीवाटीने बसून गावातल्या एलेव्हेटरवर गेलो. एलेव्हेटर म्हणजे धान्याचं गगनचुंबी कोठार. तिथल्या माणसाने नळी खुपसून दाणा काढला, चिरडला, पाहिला. एकही हिरवा नाही, ओलावा हवा तेवढाच.

"झकास आहे," तो म्हणाला. "कोणाचा माल?"

जन्मभर दोन्ही शेतांसाठी काकांचं उत्तर ठरलेलं होतं. त्यांनी टोपी मागे सारली, घसा साफ केला.

"हिचा."

काकू समोर बघत होत्या. आईने त्यांच्या मांडीवर थाप मारली. भाषा दोघींची वेगळी, पण ती थाप कोणत्याही भाषेत कळली असती.  परतीच्या वाटेवर काकांनी, रस्त्यावरून नजर न काढता, विचारलं, "पुढच्या वर्षी माझ्या बाजूचं काय करावं म्हणतेस?"

काकूंनी काच खाली केली, एक कोपर बाहेर काढलं आणि राणीने दरबार भरवावा तशा रेलून बसल्या.

"जुलैत विचार," त्या म्हणाल्या. "बघून सांगेन."