इन्व्हेस्टरचा तळवड्याचा फ्लॅट

आमचा इन्व्हेस्टर कोणाच्याही घरी गेला की आधी भिंतीवर टिचकी मारायचा आणि मग त्या घराचा भाव सांगायचा. शेजारच्या आजी गेल्या तेव्हा मयताला आलेला हा गृहस्थ दारातच माझ्या कानाशी लागला, "कॉर्नरचा फ्लॅट आहे राव, मुलं विकतील." इतका निर्लज्ज माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण माझ्या वडिलांना दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा त्यांना पाठीवर घेऊन तीन मजले उतरला तोही हाच. उतरताना प्रत्येक मजल्याचा भाव सांगत होता, ते सोडा.

'इन्व्हेस्टर' हे नाव त्याचं त्यानंच लावून घेतलेलं. नोकरी चाकणच्या एका कंपनीत, सुपरवायझरची. संत तुकाराम नगरात आमच्या समोरच्या दारी त्याचं दोन खोल्यांचं घर होतं, वडिलांनी पै न् पै फेडून ठेवलेलं. त्याची त्याला किंमत नव्हती. "घरात राहतो तो साधा माणूस," तो जिन्यात उभा राहून ऐकवायचा, "घर धरून ठेवतो तो इन्व्हेस्टर."

म्हणून त्यानं तळवड्यात फ्लॅट धरला, जवळजवळ सगळा कर्जावर. जामीन म्हणून सही घेतली मेहुण्याची. तो चाकणजवळच्या गावचा, शेती सांभाळून शिफ्ट करणारा भिडस्त माणूस. पुढे बिल्डर काम अर्धवट टाकून पळाला. पाणी टँकरचं, लिफ्टच्या जागी नुसता खड्डा. भाव इतका पडला की फ्लॅट विकूनही कर्ज फिटलं नसतं. त्यातच कंपनीतला ओव्हरटाइम बंद झाला आणि हप्ते थकले.

मार्ग होते. भाडेकरू ठेवला, तर त्यानं पाण्याची तक्रार करताच हा त्यालाच फ्लॅट विकायला निघाला. तो बिचारा सामान घेऊन पळाला. बँक मुदत वाढवून हप्ता कमी करून देत होती, तर "आपण हात पसरणाऱ्यातले नाही" म्हणाला. तोट्यात विकणं तर त्याच्या मते अडाण्यांचं काम. शेवटी मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहून त्याला साक्षात्कार झाला. किल्ली बँकेला द्यायची आणि मोकळं व्हायचं! मलाही सोबत ओढून नेलं.

"घ्या, तुमचं घर तुम्हाला," त्यानं मॅनेजरबाईंच्या टेबलावर किल्ली ठेवली.

बाई शांतपणे म्हणाल्या, "किल्ली दिल्यानं कर्ज संपत नाही. लिलावात येईल ते वजा होईल. उरलेलं तुमच्याकडून, नाहीतर जामीनदाराकडून."

बाहेर आल्यावर याचा चेहरा फुललेला. "जामीनदाराकडून! ऐकलंत ना? सुटलो की नाही?"

मला त्याची किळस आली. घरी येऊन मी ते त्याच्या बायकोला, वहिनींना, जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी भावाला बोलावून घेतलं आणि मलाही बसवून ठेवलं.

"अक्का, सही माझी हाय," मेहुणा खाली बघत म्हणाला. "मी भरीन."

"तू गप बस." वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "हे घर इकायचं. बँकेचं समदं भागवायचं आन् तळवड्याला जाऊन ऱ्हायचं."

"अगं, तिथं पाणी नाही!"

"दुसऱ्याला भाड्यानं देताना ठाव नव्हतं व्हय?"

हे राहतं घर गेलं, कर्ज फिटलं, मेहुण्याची मान सुटली.

सामान टेम्पोत भरून झालं तरी हा रिकाम्या खोलीतच उभा होता. नवे मालक दारात ताटकळत होते. खालून वहिनींची हाक आली, "येताय का? का घरासंगं तुमालाबी इकलंय?"

तो निमूट खाली उतरला. पुढे ड्रायव्हरशेजारी वहिनी आणि त्यांचा भाऊ बसले होते. हा मागे कपाट आणि गाद्यांच्या मध्ये चढला. टेम्पो हलला तसा मी हात केला. त्याला काही हात करता आला नाही. दोन्ही हातांनी त्यानं फ्रिज धरून ठेवला होता.