धुऱ्यावरचा निंब

आमच्या वॉर्डात माणूस कशानंही आजारी पडो, नातेवाइकांच्या तोंडी सगळ्यांना एकच रोग असतो. गॅस. यकृत निकामी झालेलं असो की फुप्फुसात पाणी भरलेलं असो, पेशंटला सांगायचं गॅस. रामदासपेठेतल्या हॉस्पिटलात सिस्टर म्हणून माझे केस पांढरे झाले, पण गॅसनं दगावलेला माणूस मी अजून पाहिला नाही. गॅसवाले मात्र एकामागून एक जातच राहिले.

नर्सिंगला असताना नीतितत्त्वांच्या पेपरात मला चांगले मार्क पडले होते. रुग्णाला स्वतःबद्दल खरं जाणून घ्यायचा हक्क आहे, उपचार घ्यायचे की नाकारायचे हे त्यानंच ठरवायचं, असं मी मोठ्या झोकात लिहिलं होतं. वॉर्डाच्या दाराशी हात जोडून उभा असलेला पेशंटचा पोरगा त्या पेपरात कुठं नव्हता.

असाच एक पोरगा, म्हणजे पन्नाशीचा बाप्या, नरखेडकडून आला होता. त्याच्या वडिलांची संत्र्याची बाग. म्हाताऱ्याच्या यकृतात कॅन्सर, आणि तो पसरलेला. डॉक्टरांनी पोराला केबिनमध्ये बसवून सांगितलं की आता बरं करणारा इलाज उरला नाही. पुढं श्वास लागेल तेव्हा व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही, हे घरच्यांनी बोलून ठेवा. पोरगा तिथून उठला तो थेट माझ्याकडे आला. म्हणाला, बाबाले यातलं काही कळू देऊ नका, आणि मशीन तर लावायचीच, नाहीतर गाव म्हणेल की बापाले असंच जाऊ दिलं. मी विचारलं, बाबाजींना विचारलं का? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी बैलाला विचारून नांगर जुंपायला सांगितलं.

माझं डोकंच फिरलं. मी त्याला तिथल्या तिथं सांगून टाकलं की मी आपणहून तोंड उघडणार नाही, पण त्यांनी मला सरळ विचारलं तर खोटंही बोलणार नाही. ते काहून विचारतील, असं म्हणून तो निर्धास्तपणे चहा प्यायला गेला.

मग गाव लोटलं. पोरानं सगळ्यांना फोन करून बजावलं होतं की भेटून जा, पण बाबासमोर आजाराचं अक्षर काढू नका. लोकांनी ते इमानदारीनं पाळलं. एसटीनं यायचे, म्हाताऱ्याच्या पाया पडायचे, डोळे पुसायचे, आणि बोलायचे पऱ्हाटीबद्दल, म्हणजे कपाशीच्या पिकाबद्दल. बहीण पुरणपोळ्या घेऊन आली. लग्नात मान मिळाला नाही म्हणून रुसलेला व्याही आला आणि हात हातात धरून बसून राहिला. कळस केला तो म्हाताऱ्याच्या बायकोनं. जन्मभर जिनं तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावरून नवऱ्याशी तंटा केला, तिनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, एखादा खर्रा देल्ला तर चालन काय? मी म्हटलं, आजी, त्यापेक्षा दवंडी पिटा ना.

आणि शेवटी आला धाकटा भाऊ. दोघांची वावरं लागून होती, आणि मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक निंबाचं झाड होतं. ते कुणाचं, यावरून दोघं भांडत भांडत म्हातारे झाले होते. मोजणी झाली, पंच झाले, पोळ्याच्या दिवशीही भांडण झालं. निंब तिथंच. मी सलाइन बदलत होते. भाऊ पाया पडला तेव्हा बाबाजींना जरा तरतरी आली. सवयीनं त्यांनी खडा टाकला की निंब माहाच हाय, समजलं काय. भावानं हात जोडले. म्हणाला, तुहाच हाय, दादा.

बाबाजींचा चेहरा उतरला. त्यांनी भावाला जाऊ दिलं. मग मला जवळ बोलावलं.

"खरं सांग माय, मी मरून राहिलो काय?"

मी विचारलं, असं काहून विचारता?

"लहान्यानं निंब सोडला. जित्या मानसाले तो निंब सोडत नाही."

हसू की रडू, मला समजेना. मी स्टूल ओढून बसले. किती ऐकायचं आहे ते आधी विचारलं, ते म्हणाले पुरं. मग सांगितलं की हा गॅस नाही, हे दुखणं बरं होणारं नाही, बाकीचं डॉक्टर नीट समजावतील. मशीनचंही सांगितलं. घशात नळी राहते, बोलता येत नाही, आणि अशा आजारात ती परत निघेल याची फार आशा नसते.  बाबाजी म्हणाले, बोलताच नाही आलं तर लहान्यासंग भांडू कसा? मशीन नको, घरी जायचं. आणि वर मला ताकीद दिली की पोट्ट्याले सांगू नोको, त्याले वाटते मले काही मालूम नाही, रडन बिचारा.

आता मात्र माझा पारा चढला. बाप पोरापासून लपवतो, पोरगा बापापासून, आणि मधल्यामध्ये माझं भरीत. मी म्हटलं, बाबाजी, मी सिस्टर आहे, तुमच्या घरची कोठी नाही. तुम्ही आज तोंडानं बोलला नाहीत, तर श्वास लागल्यावर डॉक्टर पोराला विचारतील, आणि तो मशीन लावा म्हणेल. तुम्ही सांगा म्हणाल तरच मी त्याला बोलावते. त्यांनी चादरीची किनार ओढून सारखी केली. मग म्हणाले, बलाव.

डॉक्टर आले, खुर्ची ओढून त्यांनी पोराला नाही, बाबाजींना विचारलं. बाबाजींनी सांगितलं, मशीन नको, घरी न्या. पोरगा पलंगाच्या दांडीला धरून ढसाढसा रडला.

"बाबा, मले वाटलं तुम्ही घाबरून जासान."

"घाबरलोच ना, बापू. पन एकटाच घाबरलो."

मी माझं स्टूल पोराकडे सरकवलं. 

दुसऱ्या दिवशी बाबाजींनी भावाला मुद्दाम बोलावून घेतलं आणि हुकूम केला, निंब वापस घे आन् सरळ भांड. भावाला सुरुवातच जमेना. पुन्हा पुन्हा नाक पुसायचा. पण बाबाजींनी मोजणीचा विषय काढला तसा गडी पेटला. आजानं लावला होता, कोणत्या आजानं, असं करत दोघांनी वॉर्ड डोक्यावर घेतला. बाजूच्या पलंगावरचा पेशंट धाकट्याच्या बाजूनं झाला. मला येऊन दम द्यावा लागला, आणि दम देताना मी तोंड फिरवून हसत होते.

घरी नेण्याआधी पोराला आणि आजीला आम्ही सगळं शिकवलं. दुखण्याचं औषध कसं द्यायचं, कूस कशी बदलायची, ओठ ओले कसे ठेवायचे, श्वास लागला तर घाबरून न धावता कुणाला फोन करायचा. आजीनं खर्ऱ्याचं विचारलं तेव्हा डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागले.

पुढं संत्र्यांचा मोसम आला तेव्हा पोरगा झोळा भरून संत्री घेऊन वॉर्डात आला. मी त्याला चहा पाजला आणि विचारलं, बाबाजी कसे गेले? तो म्हणाला, बागेत खाट टाकली होती, दुखलं नाही फार. काका रोज सकाळी यायचे, निंबावरून भांडायचे, मग दोघं चहा प्यायचे. त्या दिवशीही काका आले, खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, दादा, निंब माहा हाय. वाट पाहिली. पुन्हा एकदा म्हणाले, जरा मोठ्यानं.

"बाबा काहीच नाही बोलले, सिस्टर. मंग काकानं मले आवाज देल्ला."