बत्त्याच्या पितळेतून आलेला दम

मी पाण्याखाली श्वास घेतलाय. खोटं वाटतं ना? वाटू द्या, माझ्या सुनांनाही वाटतं. जालन्यात आमच्या खोलीमागच्या हौदात, भर दुपारी, चार बायांच्या देखत घेतलाय. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील.

आमचे हे कापसाच्या जिनिंग कारखान्यात इंजिनावर मिस्त्री होते. हाताला लोखंड लागलं की या माणसाला तहानभूक राहत नसे. पण पाणी बघितलं की अंग चोरायचे. पोहता बिलकुल येत नव्हतं. माझा एकुलता एक भाऊ याच्या नेमका उलटा. आमचं माहेर भोकरदनजवळ, केळणा नदीच्या काठी. मूळची मेंढरं राखणारी माणसं आम्ही. लोकर कातरायच्या आधी मेंढरं डोहात धुवायची, आणि ती ढकलता ढकलता भाऊच मासोळी होऊन बसला. दम कोंडून तळाला जायचा आणि वर आम्ही आकडे मोजायचो, शंभरापर्यंत. बापानं त्याला एकच गोष्ट शिकवली होती, पाण्यात काही झालं तरी तोंड उघडायचं नाही.

यांना तो फार छळायचा. "दाजी, घंगाळात तरी उतरता का तिथं बी भ्या वाटतं?" हे नुसते मिशीला पीळ द्यायचे.

त्या साली भावानं विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं, गावातलं पहिलं, आणि मोसंबीची रोपं लावली. उन्हाळ्याच्या तोंडाला पाइपाचा खालचा तुकडा फुटवॉलच्या झडपेसकट निसटला आणि तळाशी दोन कातळांमध्ये अडकून बसला. वर दोन पुरुष पाणी. मोटा लावून उपसून बघितलं, झरे काही हटेनात. मंग भाऊ बुड्या मारायला लागला. पाइप वर ओढायला त्याला साखळी बांधायची, त्यासाठी खाली बराच वेळ बसावं लागत होतं आणि दम तेवढा पुरत नव्हता. मी माहेरी गेले त्या दिवशी वर आला तो नाकातून रक्त घेऊन.

"जाऊ दे ना रे तो पाइप!" मी ओरडले.

"उद्या बांधतोच अक्का. थोडक्यात ऱ्हायलंय."

असा मुलखाचा हट्टी. मला स्पष्ट दिसलं, हा असाच एक दिवस खाली जाईल आणि वर येणार नाही. घरी येऊन मी यांच्यापुढं ढसाढसा रडले. हे जेवून उठले.

दोन दिवसांनी भंगारवाल्याकडून पोतं भरून आणलं. लष्कराचं मोडीत काढलेलं सामान. त्यात सोंडेसारखी नळी असलेला रबरी मुखवटा, विमानातल्या माणसासाठीची हवेची डबी आणि एक लोखंडी बाटली. ती डबी मोठी नवलाची. ओढाल तेवढीच हवा देणार, ओढलं नाही तर गप्प. वेल्डिंगचा एक जुना रेग्युलेटरही होता, बाटलीतल्या हवेचा जोर कमी करून पुढं सोडणारा. पाठीवर बाटली बांधून पाण्यात फिरणारा माणूस यांनी रद्दीतल्या एका कागदावर पाहिला होता, तेव्हापासून तो डोक्यात बसला होता.

पण चार वस्तू चार कंपन्यांच्या. एकीचे आटे दुसरीत बसतील तर शपथ! हे तास तास त्या मांडीवर घेऊन बसायचे. जोड करायला भरीव पितळ हवं होतं, आणि यांची नजर माझ्या खलबत्त्यावर गेली.

"तो बत्ता माझ्या आईचा आहे," मी म्हटलं.

"ठावं हाये."

"मंग बघता काय?"

सकाळी मीच नेऊन दिला, धुऊन, पुसून. त्याचे लेथवर दोन जोड निघाले, एका अंगाला एका कंपनीचे आटे, दुसऱ्या अंगाला दुसरीचे. डबीतला रबरी पडदा कुजला होता, तिथं दवाखान्यातल्या हातमोज्याचं रबर ताणून बसवलं. शेवटी हे सवयीनं आट्यांवर सूत आणि सफेदा चढवायला निघाले, गळू नये म्हणून पाइपाला लावतात तसं.

"अहो, तो धागा डबीत जाऊन अडकला म्हणजे? तुम्ही पाणी नेताय का माझ्या भावाचा दम?"

हे थबकले. सगळं सूत खरवडून काढलं आणि तीन दिवस जोडाची तोंडं एकमेकांवर घासत बसले, सुताशिवाय हवा धरेपर्यंत.

कारखान्याचं मोठं इंजिन दाबलेल्या हवेनं सुरू व्हायचं. तीच हवा फडक्यातून, कोळशातून गाळून बाटलीत भरली. मी म्हटलं, आधी मी घेणार. हे नको नको म्हणत राहिले, मी ऐकते होय? काष्टा आवळला, मुखवटा चढवला. शेजारणी हसून हसून लोळल्या, "बाई बाई, गणपती झाली गं!" मी हौदात उतरले आणि डोकं खाली घातलं.

छाती म्हणाली, नको. मी डोळे मिटले आणि ओढलं. आतून खट् झालं आणि हवा आली. गार, कोळशाच्या वासाची. सोडली तर कानापाशी बुडबुडे खदखदले. परत ओढली, परत आली. अगं आई गं! डोळे उघडले तर वर पाण्याचं छत हलत होतं, त्यात हसणाऱ्या बाया वाकड्यातिकड्या दिसत होत्या, आणि मी आत होते आणि मरत नव्हते. देवळातही मला तसं कधी झालं नाही. बाहेर आले तेव्हा रडत होते. हे घाबरून विचारतायत, "काय झालं? कुठं गळतंय?" मी त्यांचे काळे, तेलकट हात धरले आणि डोक्याला लावले. दुसरं काय करणार!

विहिरीवर सगळा गाव जमला होता. भावानं मुखवटा उलटासुलटा करून बघितला. "अक्का, तुझ्यासाठी घालतो. पण दाजीच्या डबीवर भरवसा न्हाई आपला." कमरेला दगड आणि दोर बांधून, हातात साखळी घेऊन तो उतरला. पाणी मिटलं.

हे पायरीवर बसून बुडबुड्यांची वाट बघत होते. बुडबुडे येईनात. मी सवयीनं आकडे मोजत होते. वीस. चाळीस. पाणी काचेसारखं गप्प. दोर धरलेले म्हणाले, साखळी हलतीय. पण यांना ऐकूच येत नव्हतं. "डबी अडकली," एवढंच पुटपुटले. साठाला मी यांच्याकडं बघितलं तर पायरी रिकामी, आणि धपकन आवाज. पोहता न येणाऱ्या माझ्या नवऱ्यानं कपड्यांसकट विहिरीत उडी मारली होती.

मी किंचाळले. तेवढ्यात पाणी फसफसलं. बुडबुड्यांचा एवढा लोंढा वर आला, आणि त्या मागोमाग यांची मानगूट धरून भाऊ वर आला. दोघांना ओढून पायरीवर घेतलं. पोटातलं पाणी ओकून झाल्यावर हे पहिलं काय बोलले तर, "श्वास का घेईना तू?"

"दाजी, पाण्यात कुणी श्वास घेतंय व्हय?"

जन्मभराची सवय! पाठीवर हवेची बाटली बांधून हा दम कोंडून बसला होता. मी दोघांनाही शिव्या घातल्या, तोंडाला येईल त्या.

मंग भाऊ खाली मान घालून बोलला. "साखळी बांधून राह्यलो होतो अक्का, अर्धीच झाल्ती. दम संपत आल्ता. वर बघितलं तर दाजी. हातपाय झाडत माझ्याकडंच येऊन राह्यले होते. माझ्या तोंडातून 'अरे!' निघालं आन् मंग आपोआप आत ओढल्या गेलं. आली की हवा, दाजी. बराबर आली."

भावानं काठावर काढून ठेवलेलं आपलं कोरडं धोतर यांच्या ओल्या अंगावर टाकलं, मुखवटा उचलला आणि यांच्या पुढ्यात धरला.

"आता तुमीच घाला माझ्या तोंडावर," म्हणाला.