म्हशीचे दात आणि पालखीचे पाय

गेममध्ये आपला चेहरा दिसणार, एवढ्या एका मोहापायी मी पैसे भरले. तेव्हा मी महाडच्या एका पतसंस्थेत कर्ज विभाग सांभाळत होते. माणूस ओळखण्यात आपला हात कोणी धरणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

कर्ज देण्याआधी वस्तू प्रत्यक्ष बघायची, याला आम्ही पाहणी म्हणतो. म्हशीसाठी अर्ज आला तर मी पोलादपूरच्या वरच्या वाड्यांपर्यंत चढत जायचे आणि म्हशीचे दात बघायचे. दातांवरून वय कळतं. मला बघून म्हशी तोंड फिरवतात, असं स्टाफ म्हणायचा.

विनय पोलादपूरकडचा, मुंबईत गेम बनवायला शिकून आलेला. शिमग्यात गावची पालखी खांद्यावर नाचवायची, तोल जाऊ द्यायचा नाही, असा मोबाइल गेम करायला त्याला कर्ज हवं होतं.

"तारण काय देणार?" मी विचारलं.

"लॅपटॉप हाय ना, मावशी."

"तो आम्ही ओढून नेला, तर गेम कशावर करशील?"

अर्ज नामंजूर. इथवर माझं डोकं ठिकाणावर होतं.

मग त्याने क्राउडफंडिंग केलं. म्हणजे इंटरनेटवर कल्पना मांडायची आणि आवडेल त्याने थोडेथोडे पैसे घालायचे. घालणारा तो बॅकर. त्याला व्याज नाही, हिस्सा नाही. गेम झाला तर गेम मिळतो आणि कबूल केलेली भेट. जास्त पैसे देणाऱ्याचा चेहरा गेममधल्या एका पात्राला लागणार होता. संस्थेच्या पैशाला नाही म्हणणाऱ्या बाईने स्वतःच्या पैशाला दोन मिनिटांचा व्हिडिओ बघून हो म्हटलं. वर भाचीच्या लग्नातला नथ घातलेला माझा फोटो पाठवला आणि ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले.

आमची कॅशियर सुलभा. तिनेही पैसे घातले. मुलीच्या लॅपटॉपसाठी बाजूला ठेवलेले. गेम शिमग्याला येणार होता. तो शिमगा गेला, पुढचाही गेला. सुलभा बोलायची काही नाही, पण तिची मुलगी प्रोजेक्ट करायला मैत्रिणीकडे जाते, हे मला कळलं. तेव्हा मी पाहणीला निघाले. दोन वर्षं उशिरा.

विनय बिरवाडीत खोली घेऊन कंपनीत शिफ्ट करत होता. लॅपटॉप उघडून त्याने पालखी दाखवली. माणसं जमिनीवरून तरंगत चालली होती.

"यांचे पाय कुठायत रे?"

"करायचे हायेत."

"आणि पैसे?"

"संपले. एका गावाची सात गावं केली ना. त्यांची चित्रं काढून घेण्यात गेले."

याला स्ट्रेच गोल म्हणतात. ठरल्यापेक्षा जास्त पैसे आले की जास्त कबूल करायचं. एका म्हशीच्या कर्जात सात म्हशींचा गोठा बांधणारे मी आयुष्यभर बघितले होते.

"सात गावं करायला तुला सांगितलं कोणी?"

विनयने क्राउडफंडिंगचं पेज उघडलं. त्यावरची एक कमेंट दाखवली. 'वा! सातही गावं होऊ देत!' खाली नाव माझं. त्याच्याही खाली बारीक अक्षरांत होतं: गेम पूर्ण होईलच अशी हमी नाही. बारीक अक्षरं वाचल्याशिवाय मी कोणाला सही करू दिली नव्हती.

"सहा गावं काढून टाक," मी म्हटलं. "एक पुरं कर. आणि सगळ्यांना खरं काय ते लिही."

त्याने लिहिलं. लोकांनी शिव्या घातल्या, पण पुढच्या शिमग्याला गेम आला. एक गाव, पंधरा-वीस मिनिटांत संपणारा. माझा चेहरा दारात ओवाळणाऱ्या बाईला लागला होता. सगळा वेळ पाय करण्यात गेल्यामुळे पापण्या राहिल्या. माझे डोळे एकदाही मिटत नाहीत. नातू अजून मला तोच गेम लावून दाखवतो.

बिरवाडीहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी सुलभाच्या काउंटरवर पाकीट ठेवलं होतं. बॅकर म्हणजे सावकार नव्हे, विनय तुझं काही देणं लागत नाही, हे तिला समजावलं. हे माझ्याकडून घे, म्हटलं. आणि जाता जाता थोडं ज्ञानही पाजळलं, की न बघितलेल्या वस्तूवर पैसे लावू नयेत.

तिने पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं आणि म्हणाली, "मॅडम, मला गेममधलं काय कळतंय? तुम्ही दात बघितल्याशिवाय सही करत नाही, एवढंच मला माहीत होतं."